रुग्णाचा शब्द आणि परिचर्येचं शास्त्र

उपस्थित शिक्षकवृंद, ड्यूटी संपवून थेट वॉर्डातून आलेल्या सिस्टर आणि ब्रदर, आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

१९६८ साली मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन परिचारिकेने वेदनेची एक व्याख्या केली. ज्याला दुखतं तो माणूस जे सांगतो ती वेदना, आणि तो जेव्हा दुखतंय म्हणतो तेव्हा ती असते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे परीक्षेसाठी पाठ केलं असेल आणि म्हणून ते आता साधं वाटत असेल. त्या काळी ते धाडसाचं होतं. ऑपरेशन झालेल्या रुग्णाला किती दुखायला हवं, हे त्याच्या खाटेशी उभी असलेली माणसं ठरवत. चेहरा शांत आहे, नाडी ठीक आहे, शेजारचा याच ऑपरेशनचा रुग्ण गप्प पडून आहे, तेव्हा याला एवढं दुखायचं कारण नाही, असं म्हणून पुढचं इंजेक्शन लांबवलं जाई. मॅककॅफरींनी सांगितलं की इथे मुख्य पुरावा रुग्णाचा शब्द आहे.

मी आज तत्त्वज्ञानावर बोलायला उभी आहे आणि सुरुवात इथून करते, कारण परिचर्याशास्त्राच्या पायाशी असलेला प्रश्न या एका व्याख्येत पुरता सापडतो. ज्ञान कशाला म्हणायचं? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तार्किक प्रत्यक्षार्थवादाचा जोर होता. जे बाहेरून तपासता येतं, दोन निरीक्षकांना सारखंच दिसतं, तेच खात्रीचं, असं तो मानत असे. या कसोटीवर ताप टिकतो, रक्तदाब टिकतो. वेदना टिकत नाही. ती फक्त एकालाच जाणवते आणि बाकीच्यांना त्याच्या सांगण्यावर अवलंबून राहावं लागतं. मग वेदनेबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नसतं असं म्हणायचं का? आपलं निम्मं काम त्या ज्ञानावर चालतं.

यावर आक्षेप ठरलेला आहे. रुग्ण खोटं बोलला तर? बोलेलही. पण चुका दोन प्रकारच्या होतात. एकात, न दुखणाऱ्याला वेदनाशामक मिळतं. दुसरीत, तळमळणारा माणूस रात्रभर तसाच पडून राहतो आणि वर त्याच्यावर अविश्वास दाखवला जातो. यातली कोणती चूक जास्त टाळायची, हे कुठलंही यंत्र सांगणार नाही. तो नीतीचा निर्णय आहे आणि तो वेदनेच्या मोजमापातच मिसळलेला आहे. आधी वस्तुस्थिती गोळा करायची आणि मग वेगळी बसून मूल्यं लावायची, अशी सोय परिचारिकेला नसते. मला आज जे सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

ही व्याख्या अपुरी होती, हेही सांगितलं पाहिजे. तान्हं मूल काय सांगणार? व्हेंटिलेटरवरचा रुग्ण? स्मृतिभ्रंश झालेली आजी? शब्दावर सगळा भार टाकला की ज्यांच्याकडे शब्द नाहीत ते निसटतात. म्हणून पुढे वागणुकीवरून वेदना ओळखण्याची मापनं आली. लहान मुलांसाठी आपण वापरतो ती फ्लॅक श्रेणी १९९७ ची, मिशिगन विद्यापीठातली: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली. वेदना आहे असं माणूस सांगत असेल तर त्याचा मान राखावा, आणि सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं समजू नये, या दोन्ही गोष्टी आता तिथे शेजारी शेजारी आहेत. सिद्धांताची वाढ अशीच होते. एक धीट विधान, त्यातून निसटलेले रुग्ण, आणि त्या रुग्णांमुळे विधानाला पडलेली मुरड.

तुमच्या पुस्तकात मात्र सिद्धांत असे भेटत नाहीत. तिथे ओरेम, रॉय, रॉजर्स अशी परिचर्येच्या सिद्धांतकारांची नावं आणि चौकटी-बाणांच्या आकृत्या येतात. त्यामागचा काळ लक्षात घ्या. अमेरिकेत नर्सिंगचं शिक्षण रुग्णालयांच्या शाळांतून विद्यापीठांत जात होतं आणि विद्यापीठ विचारत होतं, तुमचं शास्त्र कोणतं? वैद्यक, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांतून उचललेलं वगळलं तर तुमचं स्वतःचं काय उरतं? त्या धास्तीतून मोठमोठे, सगळं कवेत घेणारे सिद्धांत लिहिले गेले. मार्था रॉजर्स यांनी १९७० मध्ये माणूस आणि त्याचा परिसर यांना अखंड ऊर्जाक्षेत्रं मानलं. त्यांच्या बुद्धीबद्दल मला आदर आहे. पण त्या सिद्धांतातून नाईट ड्यूटीवरच्या सिस्टरने काय करावं, इथपर्यंत पोहोचायला वाट सापडत नाही.

जेम्स डिकॉफ आणि पॅट्रिशिया जेम्स या तत्त्वज्ञांनी अर्नेस्टीन वीडेनबाख या परिचारिकेसोबत १९६८ मध्येच वेगळं म्हणणं मांडलं होतं. आचरणाच्या शास्त्रातला सिद्धांत नुसतं वर्णन करून किंवा भाकीत करून थांबू शकत नाही. कोणती स्थिती घडवून आणायची आणि ती कशी, हेही त्याने सांगायला हवं. म्हणजे हेतू सिद्धांताच्या आतच हवा. परीक्षेत यावर प्रश्न क्वचित येतो, तरी मी विद्यार्थ्यांना सांगेन की हे आधी वाचा.

परिचर्येच्या अभ्यासक बार्बरा कार्पर यांचा १९७८ चा लेख तुम्हाला माहीत आहे. अनुभवसिद्ध, नैतिक, व्यक्तिगत आणि कलात्मक, असे जाणण्याचे चार मार्ग त्यांनी सांगितले. त्यामुळे परिचारिकांना स्वतःच्या ज्ञानाबद्दल बोलायला भाषा मिळाली. मात्र चार मार्गांचे चार कप्पे झाले की धोका असतो. 'मला अनुभवाने कळतं' एवढं म्हणून कुणी तपासणीतून सुटू नये. आपल्याकडे वर्षानुवर्षं बेडसोअर, म्हणजे खाटेवर पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमा, टाळण्यासाठी स्पिरिट लावून, पावडर टाकून पाठ चोळली. ती मनापासून केलेली सेवा होती, हातांना जमलेली कला होती. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने १९६२ मध्ये वृद्धांच्या वॉर्डांतला अभ्यास प्रसिद्ध केला आणि भर टाकला तो दाब हटवण्यावर, ठरल्या वेळी कूस बदलण्यावर. हाडाच्या उंचवट्यावर जोराने चोळू नये, असं आज मार्गदर्शक सूचना सांगतात. इथे मोजमापाने प्रेमाला शिस्त लावली. अशी शिस्त आपल्याला हवीच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवख्या परिचारिकेपासून निष्णात परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या, कौशल्य पायरीपायरीने कसं येतं यावरच्या ड्रायफस बंधूंच्या विचाराचा आधार घेऊन. निष्णात परिचारिकेला आकडे बिघडण्याआधी रुग्ण बिघडतोय हे कळतं, आणि तिला कारण लगेच सांगता येतं असं नाही. हे गूढ मानून सोडून द्यायचं कारण नाही, ते तपासता येतं. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात तातडीचं वैद्यकीय पथक बोलावण्याच्या निकषांत नाडी, श्वास, रक्तदाब यांच्याबरोबर 'कर्मचाऱ्याला रुग्णाची काळजी वाटते' हाही निकष होता. एखाद्या सिस्टरचं 'मला बरं लक्षण दिसत नाही' हे वाक्य तिथे अधिकृत माहिती झालं. आपल्या चार्टवर त्याला रकाना कुठे असतो? हँडओव्हरच्या वेळी ते तोंडी सांगितलं जातं आणि शिफ्टबरोबर विरून जातं.

शेवटी आपल्या वॉर्डांबद्दल. डोरोथिया ओरेम यांच्या सिद्धांतात माणूस स्वतःची काळजी स्वतः घेतो, आणि जिथे तो कमी पडतो तिथे परिचारिका येते. दुसऱ्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाचा विचारही त्यांनी केला आहे. पण आपल्या सरकारी रुग्णालयांत खाटेखाली चटई टाकून झोपलेली सून, मुलगा, बहीण ही कडेची बाब नाही. भरवणं, पुसून घेणं, सलाईन संपत आल्यावर धावत येऊन सांगणं, कितीतरी काम तीच माणसं करतात. 'सिस्टर, रात्री तीन वेळा उठून बसले हो', ही माहिती तुम्हाला त्यांच्याकडूनच मिळते. रुग्णाच्या शब्दाला मॅककॅफरींनी जे स्थान दिलं ते नातेवाइकाच्या शब्दाला किती द्यायचं? रुग्ण 'काही नाही, बरं आहे' म्हणतो आणि बायको 'दुखतंय त्यांना, सांगत नाहीत' म्हणते, तेव्हा कुणाचं धरायचं? सुनेपुढे सासू बोलायला कचरत असेल तर? प्रबंधाला विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न घ्यावा. त्यासाठी लागणारी निरीक्षणं तुमच्या रोजच्या राउंडला तुमच्या समोर असतात. ती आजपासून लिहून ठेवा, तारीख-वेळ घालून.