कुंपणाचीही भाजी: योनेझावाचे उएसुगी योझान

(दृश्य: काटेरी कुंपण, कोवळे शेंडे खुडणारे हात)

हे उकोगी. फांदीवर काटे आणि पाच-पाच पानांचे झुबके. ईशान्य जपानमधल्या योनेझावा शहरात, जुन्या सामुराई वस्तीत आजही घरांपुढे याचं कुंपण दिसतं. वसंतात शेंडे खुडायचे, उकडून बारीक चिरायचे आणि भातात कालवायचे. चव जराशी कडसर. कुंपण घालायचंच आहे, तर ते पोटालाही उपयोगी पडू द्या, असा आग्रह अडीचशे वर्षांपूर्वी इथल्या दाइम्योनं, म्हणजे संस्थानाच्या अधिपतीनं धरला. त्यांचं नाव उएसुगी हारुनोरी. पुढे लोक त्यांना योझान म्हणून ओळखू लागले.

(दृश्य: बर्फानं वेढलेलं खोरं, किल्ल्याचा खंदक)

उएसुगी घराणं एके काळी १२ लाख कोकूंचं धनी होतं. एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. १६००च्या सेकिगाहारा युद्धात ते हरलेल्या बाजूला होते, आणि पुढच्याच वर्षी १२ लाखांचे ३ लाख झाले. १६६४ मध्ये त्या वेळचे अधिपती वारस न नेमता वारले. घराणं कसंबसं टिकलं, पण मुलूख पुन्हा निम्मा झाला. राहिले दीड लाख. सामुराई कुटुंबं मात्र जवळपास तेवढीच. एकालाही काढायचं नाही, हा घराण्याचा बाणा. उत्पन्नाचा बहुतेक भाग त्यांच्या तनख्यात जायचा. वर एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, वाड्यात जुन्या वैभवाचा थाट सांभाळायचा. मोठं घर, पोकळ वासा. कर्ज सुमारे २ लाख ऱ्यो झालं. ऱ्यो म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं. हा मुलूख शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, परत करून टाकावा, असंही अधिपती शिगेसादा यांच्या मनात येऊन गेलं.

त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा म्हणजेच हारुनोरी, दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरल्या ताकानाबे या लहान संस्थानाचा. १७६७ मध्ये तो गादीवर आला, तेव्हा त्याला सोळावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्यानं काटकसरीची सुरुवात स्वतःपासून केली. एदोतला त्याचा वर्षाचा खर्च १,५०० ऱ्यो असायचा, तो २०९ वर आणला. दासी ५० होत्या, त्या ९ राहिल्या. अंगावर सुती कपडे, जेवणात एक सार आणि एक भाजी.

(दृश्य: भातखाचरं, चिखलात कुदळ)

१७७२ मध्ये हारुनोरी स्वतः शेतात उतरले आणि जमिनीत कुदळ मारली. त्यांच्यामागून एकेक मानकऱ्यानं तेच केलं. आज हा समारंभ वाटेल, पण कमरेला तलवार लावणाऱ्यानं मातीत हात घालणं तेव्हा कमीपणाचं होतं. त्यानंतर सामुराई पडीक जमीन फोडायला, बांध घालायला, पूल दुरुस्त करायला निघाले. सात वरिष्ठ सरदारांना हे रुचलं नाही. १७७३ मध्ये त्यांनी तरुण अधिपतीला अडवून धरलं. दोघांना सेप्पुकूची, म्हणजे पोट चिरून आत्महत्येची, शिक्षा झाली, बाकीच्यांना नजरकैद.

(दृश्य: हातमाग, धोटा, ताणलेले धागे, आवाज ऐकू द्यावा)

आता या मागाकडे नीट बघा. योनेझावात आओसो नावाचं तागासारखं पीक पूर्वीपासून होतं. त्याचा वाख नारा आणि ओजियाला जायचा, कापड तिथं विणलं जायचं आणि नफाही तिथंच राहायचा. १७७६ मध्ये ओजियाहून विणकर बोलावले आणि सामुराई घरांतल्या बायका-मुलींना माग शिकवला. मला विचाराल, तर या सगळ्या कारभारातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. कच्चा माल गावाबाहेर जाऊ द्यायचा नाही.

कारभारी ताकेनोमाता मासात्सुना यांची योजना होती तुती, कागदाची कोझो आणि रोगणाचं झाड प्रत्येकी १० लाख लावण्याची. रोगणाच्या फळांपासून मेण निघायचं, पण पश्चिम जपानचं मेण बाजारात सरस ठरलं आणि तो बेत फसला. ताकेनोमाताही पुढे पदावरून गेले. तुतीनं मात्र साथ दिली. तुतीवर रेशीमकिडे, रेशमाला करडईच्या फुलांचा रंग, आणि रेशीम काढल्यावर उरलेले कोशातले किडे सामुराईंच्या परसातल्या तळ्यांत कार्प माशांना. काहीही वाया गेलं नाही.

(दृश्य: लाकडी ससाणा कोरताना पाती, कुरळ्या होत जाणाऱ्या ढलप्या)

सासानो गावातलं हे कोरीवकाम. हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या हाताला काम मिळावं, म्हणून योझान यांनी याला उत्तेजन दिलं, असं इथं सांगतात.

(दृश्य: जुन्या पुस्तकाची पानं)

१७८३ पासूनच्या तेनमेई दुष्काळात एचिगो प्रांतातून आणि साकाता बंदरातून तांदूळ विकत आणून वाटला. तरीही त्या वर्षांत संस्थानाची लोकसंख्या घटली. हारुनोरींना ते विसरता आलं नाही. १७८५ मध्ये, चौतिसाव्या वर्षात, त्यांनी गादी सोडली आणि ती दत्तक वडिलांच्या सख्ख्या मुलाला दिली. सोबत तीन कलमं लिहून दिली: राज्य पूर्वजांकडून आलं आहे आणि वंशजांकडे जायचं आहे, ते मन मानेल तसं वापरायचं नाही. प्रजा राज्याची आहे, अधिपतीच्या मालकीची नाही. राज्यासाठी आणि प्रजेसाठी अधिपती असतो, अधिपतीसाठी राज्य आणि प्रजा नसते.

निवृत्तीनंतरही सल्ला त्यांचाच चालायचा. १८०२ मध्ये संस्थानानं हे पुस्तक छापलं, 'कातेमोनो'. प्रती १,५७५. त्यात सुमारे ८० रानवनस्पती आहेत. कोणती उकडायची, कोणती पाण्यात भिजत घालायची, धान्यात कशी मिसळायची, हे सगळं साध्या भाषेत लिहिलं आहे. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, कसा करायचा तेही. सुकाळ असताना छापलं आणि गावोगाव वाटलं.

योझान १८२२ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी कर्ज जवळपास फिटलं. १८३० च्या दशकातल्या तेनपो दुष्काळात लोकांनी हेच पुस्तक पुन्हा उघडलं. आणि ती तीन कलमं? १८७१ मध्ये जपाननं संस्थानं खालसा केली, तोवर योनेझावाच्या प्रत्येक नव्या अधिपतीच्या हाती ती दिली जात होती.