शंभर वॉटचं बेट

समुद्र नसलेल्या पुण्यात बेटावरच्या रेडिओवर व्याख्यान कशाला, असं आयोजकांनी मला फोनवर दोनदा विचारलं. पुणं हेच एक बेट आहे, असं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण निमंत्रण परत गेलं असतं.

तुमच्या गाडीत रेडिओ असेल तर ताम्हिणीच्या रस्त्याला एकदा एफएम लावून बघा. चांदणी चौकात निवेदिका स्वच्छ बोलत असते. पौड मागे पडलं की तिच्या आवाजात खरखर मिसळायला लागते आणि घाटातल्या एखाद्या वळणावर ती वाक्य अर्धवट टाकून गडप होते. पुढच्या वळणावर पुन्हा उगवते, तोवर गाणं बदललेलं असतं. एफएमची लहर साधारण नजरेसारखी जाते. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली. मिडियम वेव्हचं तसं नाही, ती जमिनीला धरून लांबवर जाते. म्हणून तर ७९२ वरचं पुणे केंद्र आमच्या गावी गोठ्यातसुद्धा लागायचं.

आता हा घाट समुद्रात नेऊन ठेवा आणि चांगला उंच करा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. हवाई बेटांवरचा मौना केआ ४,२०७ मीटर. एका बेटाच्या दोन बाजूंना एकच केंद्र ऐकू येईल याची खात्री नाही. हवाई पब्लिक रेडिओ १९८१ मध्ये होनोलुलूतून सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षं या डोंगरांशी भांडत, इथे एक केंद्र, तिथे एक रिले, असं करत बेटाबेटांवर पोचला. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेनं हे करावं, याचं मला फार अप्रूप आहे.

पण रिले म्हणजे मूळ केंद्राचाच कार्यक्रम पुढे पोचवणारं यंत्र, एक लांबलचक नळ. टाकी होनोलुलूतच.

म्हणून दुसरी गोष्ट लागते: गावाचं स्वतःचं छोटं केंद्र. अमेरिकेनं २००० साली कमी ताकदीच्या, बिगरव्यापारी एफएम केंद्रांना परवाने द्यायचं ठरवलं. कमाल शंभर वॉट. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बवर लिहिलेला असायचा, तोच आकडा. तीस मीटर उंचीवर अँटेना धरली तर खात्रीचा पल्ला साडेपाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे डेक्कनवरून फार तर कात्रजच्या अलीकडे. मोठ्या केंद्रांनी ओरड केली की आमच्या प्रसारणात व्यत्यय येईल. त्या वादात दहाएक वर्षं गेली आणि २०११ च्या कायद्यानं दार नीट उघडलं. हवाईतल्याच माउई बेटावर ८८.५ वर असं एक केंद्र आहे.

त्याच माउईवर ८ ऑगस्ट २०२३ ला लहाइना गाव जळालं. शंभराच्या आसपास माणसं गेली. वीज गेली, मोबाइल बंद पडले, आणि धोक्याचे भोंगे वाजवलेच गेले नाहीत. कितीतरी लोक किनाऱ्यालगतच्या फ्रंट स्ट्रीटवर गाड्यांच्या रांगेत अडकले होते. गाडीत रेडिओ असतोच की! मी असं म्हणत नाही की एका छोट्या केंद्रानं ते गाव वाचवलं असतं. वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं? पण कोणता रस्ता बंद आहे हे त्या क्षणी सांगायचं, तर सांगणारा तो रस्ता रोज वापरणारा हवा. आणि त्याच्याकडे बॅटरी हवी. शंभर वॉटचा खरा फायदा इथे आहे: एवढं यंत्र इन्व्हर्टरवर काही तास सहज चालतं. मोठ्या मनोऱ्याला जनित्र लागतं, जनित्राला डिझेल आणि डिझेलला रस्ता.

आपल्याकडचं दार उघडण्यात एका मराठी माणसाचा हात आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, निवृत्तीनंतर ते आपल्या पुण्यातच राहिले. सरकारनं मात्र घाई केली नाही. अशा छोट्या, सामुदायिक केंद्रांची २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना परवानगी, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना. इथेही मर्यादा साधारण शंभर वॉटचीच, आणि अँटेना तीस मीटरच्या आत.

पुण्याला तर यात नवल वाटायला नको. १९५६ मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग केला होता. वीसेक माणसं संचाभोवती बसायची, ऐकायची, वाद घालायची आणि केंद्राला कळवायची. नळाला उलटं पाणी सोडण्याचाच प्रकार तो!

रामेश्वरच्या पांबन बेटावर २०१६ पासून ९०.४ वर ‘कडल ओसै’ चालतं. नावाचा अर्थ समुद्राचा आवाज. मच्छीमारांचं, मच्छीमारांसाठी. १९६४ च्या वादळात धनुष्कोडी वाहून गेलं तो हाच किनारा. इथे वारा कुठून, लाटा किती उंच, हे ऐकून होडी ढकलायची की नाही ते ठरतं. समोर डोंगर नाही, नुसतं पाणी, त्यामुळे आवाज होड्यांच्या मागे बऱ्यापैकी लांब जातो. फक्त स्वतःची बातमी द्यायला आपल्या सामुदायिक केंद्रांना मनाई आहे. आकाशवाणीची जशीच्या तशी लावा म्हणतात. हवामान सांगायला मोकळीक. मग संध्याकाळी एक होडी परतली नाही, तर ते हवामान की बातमी? हे माइकपुढच्या पोरानं, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या घरच्यांच्या देखत ठरवायचं.

प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या काकांचा हात मघापासून वर आहे.