ओलांड्याची वळणी, पेरूची खुंटी

मागे ऐकू येतंय ना? बरं. आज छाटणीच्या काड्या-फांद्यांपासून घरच्या वस्तू कशा करायच्या, ते दाखवते.

आधी ही वळणी बघा. जुन्या वाड्यांत लुगडी टाकायला असायची तशीच आहे: आडवी काठी, दोन्ही टोकांना दोर, दोर वर तुळईला. आता दुकानात हिला ‘रस्टिक’ म्हणतात आणि त्या एका शब्दाचेच पैसे जास्त लावतात. माझी काठी द्राक्षाच्या जुन्या ओलांड्याची, म्हणजे वेलाच्या आडव्या जाड फांदीची. खर्च झाला तो काथ्याच्या दोरीचा.

लाकडासाठी कुठल्या रानात जाता, असं लोक विचारतात. रानात कशाला जाऊ? राखीव जंगलातून विनापरवाना लाकूड उचलणं हा गुन्हा आहे, आणि शहरात झाडावर कोयता चालवायचा तर महापालिकेची परवानगी लागते. शिवाय नाशिककडच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षबागांत वर्षातून दोनदा छाटणी होते. बागाईतदाराला त्या काड्या हलवायच्याच असतात. बांधावर उभं राहून ‘दादा, चार मोळ्या नेऊ का?’ एवढं विचारायचं. मला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. एकदा तर चहाही मिळाला.

दोन्ही छाटण्यांचा माल मात्र वेगळा. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी एखादा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, राखून जवळजवळ बुडापासूनच काढतात, म्हणून ती लांब मिळते. वर ऊनही कडक असतं, गच्चीवर झटपट वाळते. ऑक्टोबर छाटणीत फळाचे डोळे राखून फक्त शेंडे काढतात. ते बारीक असतात, पण दिवाळी तोंडावर आलेली असते आणि आकाशकंदिलाच्या सांगाड्याला शेंडेच हवेत. ओली काडी वळते, वाळलेली कडकन मोडते. म्हणून काडी ओली असतानाच तिची कडी वळायची, सुतळीने बांधायची आणि तशीच वाळू द्यायची. आत एलईडीचा दिवा लावा, पणती नको. काडीवरच्या पीळदार बाळ्या, म्हणजे वेलाचे ताणे, कापू नका. बागेत त्या नकोशा असतात, पण कंदिलाची खरी शोभा त्यांचीच.

सालीवर निळसर डाग दिसले तर ते बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे. हंगामभर इतरही फवारे बसलेले असतात. हातमोजे घालून काड्या ब्रशने घासून धुवा, आणि उरलेल्या बंबात घालू नका.

माझी पहिली फ्रेम ऐका. पेरूची फांदी होती, सालीसकट, आठवडाभरच वाळवलेली. ‘साल किती छान दिसते!’ म्हणून भिंतीला लावली. पावसाळ्यात तिला बुरशी आली आणि दिवाळीला टीव्हीवर पिठाची रांगोळी पडली. सालीखाली भुंगा होता. आता अंगठ्याएवढं जाड काहीही असलं तर साल सोलते, गरम पाण्यात विरघळवलेला टाकणखार दोनदा लावते आणि उन्हाळाभर गच्चीवर विसरून जाते. शेवटी जवसाच्या तेलाचा हात. शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते वाळत नाही, धूळ धरतं. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापते, पेटूही शकते. दोरीवर पसरून वाळवा. हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही.

आणि शेर, कण्हेर, बिब्बा यांच्या फांद्या कितीही देखण्या दिसल्या तरी हात लावू नका. शेराचा चीक डोळ्यात गेला किंवा बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की सजावट राहते बाजूला.

आता माझी लाडकी वस्तू, खुंटी. पेरूचं किंवा बोरीचं बेचकं घ्या. जाड भाग वीतभर ठेवायचा, तो भिंतीला. बाजूची डहाळी चार बोटं, ती पिशवी अडकवायला. जाड भागाची पाठ करवतीने सपाट करा आणि आधी भोकं पाडून मग स्क्रू मारा. थेट खिळा ठोकला तर लाकूड फाटतं. चिकटवलेल्या खुंटीपेक्षा ही भारी, कारण जोडच नाही. डहाळीचे रेषे फांदीतूनच आलेले असतात. माझ्या दाराशी अशा पाच आहेत, एकीसारखी दुसरी नाही. पाहुण्यांना वाटतं मुद्दाम केल्यात. पाच सारखी बेचकी मिळाली नाहीत, एवढंच.

काल छाटलेल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्यात. पहिल्या रांगेतल्या ताई, या, हे टोक घट्ट धरा. सोडलंत तर माझ्या चष्म्यावर येईल.