कॅमेरा कोपऱ्यात असतो तेव्हा

व्हिडिओ गेममधल्या या आरशात नीट बघा. नायक मारिओच्या मागे ढगावर बसलेलं एक कासव तरंगतंय, हातातल्या काठीला कॅमेरा लटकतोय. हा लाकिटू. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये आपण सगळं पाहतो ते याच्याच कॅमेऱ्यातून. कंट्रोलरवरची पिवळी बटणं दाबली, की तो जागा बदलतो. उडी मारायची आपण, आणि ती कुठून बघायची तेही बरंचसं आपणच ठरवायचं.

त्याच वर्षीचा 'रेसिडेंट ईव्हिल' हा भयपटासारखा गेम. इथे कॅमेरा वरच्या कोपऱ्यात ठोकून बसवलाय. हलत नाही, कारण हलूच शकत नाही. ही भिंत, हा जिना, ही सगळी आधीच तयार करून ठेवलेली स्थिर चित्रं. एवढा तपशील क्षणोक्षणी रंगवण्याची ताकद तेव्हाच्या प्लेस्टेशन या गेमच्या यंत्रात नव्हती. चित्रावर चालतात ती पात्रं. पात्र चौकटीच्या कडेला पोचलं, की चित्र बदलतं, कोनही बदलतो.

आता खेळाडूचा अंगठा बघा. 'वर' दाबलं, तरी पात्र पडद्यावर वर जात नाही. त्याचं तोंड जिकडे असेल तिकडे चालतं. या पद्धतीला पुष्कळांनी नावं ठेवली. पण दिशा पडद्यावरून ठरली असती, तर कोन बदलताच धावणारं पात्र भलतीकडेच वळलं असतं.

आणि हा बोळ. पावलं ऐकू येतायत. वळणापलीकडे कोण आहे ते बघायचं, तर चालत जावं लागतं. खेळाडूच्या हातून काही काढून घेणं हीसुद्धा रचनाच, आणि इथे ती फार हुशारीने केलीय.

२००५. 'रेसिडेंट ईव्हिल ४'. कॅमेरा नायक लिऑनच्या उजव्या खांद्यामागे आला. बंदूक रोखली, की तो आणखी जवळ सरकतो आणि लिऑनचे पाय थांबतात. नेम धरा किंवा पळा; दोन्ही एकदम नाही. गावकरी अंगावर चालून येतायत.

ही चौकट पुढे असंख्य नेमबाजी खेळांनी उचलली. फिरत्या कॅमेऱ्याने काहींना मळमळतं, हेही खरं.

आता दोन तुकडे शेजारी शेजारी. डावीकडे १९९८ चा 'रेसिडेंट ईव्हिल २', उजवीकडे २०१९ ची नवी आवृत्ती. डावीकडे खिडकीबाहेरून काहीतरी सरपटत गेलं. आपल्याला दिसलं, लिऑनला नाही. उजवीकडे टॉर्चचा झोत पडेल तेवढंच दिसतं, त्याला आणि आपल्याला सारखंच. चित्र उजवीकडचं देखणं आहे. भीती मात्र मला डावीकडे जास्त वाटते.