हद्दवाढीतली विहीर

[पहाट. सोलापूरच्या हद्दवाढ भागातली गल्ली. नळाखाली घागर.]

आज पाणी सुटायचा दिवस. बायका पहाटेपासून जाग्या आहेत. पिंप, हंडे, बादल्या ओळीनं मांडून. नळ आधी नुसताच फुसफुसतो, मग गढूळ धार, मग पाणी. उजनीचं पाणी हे. शंभराहून जास्त किलोमीटर पाईपातून आलेलं.

[गल्लीच्या टोकाची विहीर.]

आणि ही विहीर, नळापासून पन्नास पावलांवर. घडीव दगडाची. काठाच्या दगडाला पोहऱ्याच्या दोरानं खाचा पडल्यात; बोट घातलं तर पेरभर आत जातं. तळाशी मात्र प्लास्टिकच्या पिशव्या आणि फुटक्या कुंड्या.

पाऊस कमी झाला म्हणून विहीर आटली, असं सहज बोललं जातं. पण सोलापूरचा पाऊस पहिल्यापासूनच बेताचा, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यावरच बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळं खोदवलं. तेवढ्यावरच 1871 साली आदिला नदीवर एकरूखचा, म्हणजे आपल्या हिप्परग्याचा तलाव झाला. बदलली ती पाऊस झेलणारी जमीन.

1992 साली हद्दवाढ झाली आणि ज्वारीच्या रानात प्लॉट पडू लागले. रानाला बांध होते, ताली होत्या. पाणी अडायचं, काळ्या मातीतून हळूहळू मुरमात उतरायचं, आणि कातळाच्या भेगांतून विहिरीला झरे लागायचे. आता वर सिमेंटचा रस्ता, अंगणभर फरशी. पाणी मुरणार कुठून? त्यात घरोघरी बोअर. भरणं थांबलं आणि उपसा वाढला.

ओढ्यांचं तर फार वाईट केलं आपण. भराव टाकून त्यांच्या वाटेतच घरं उभी केली. जोराचा पाऊस झाला की पाणी त्याच घरांत शिरतं, धान्याचे डबे माळ्यावर चढवावे लागतात. आणि उन्हाळ्यात त्याच दारात टँकरसाठी रांग.

[एका घराची गच्ची. खाली उतरणारा पाईप.]

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर इथं वर्षभरात सुमारे 50 हजार लिटर पाऊस पडतो. या घरातल्या आजींनी गच्चीचा पाईप गटारात न सोडता वाळू-खडीच्या शोषखड्ड्यात सोडलाय. खड्डा विहिरीपासून दहा हातांवर. चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी आजी काठावर येतात, एक खडा आत टाकतात, आणि वाकून ऐकतात.