काठापदराची पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरातल्या कुठल्याही घरचं कपाट उघडा, ओटीच्या खणांची एक पिशवी सापडणारच. अंबाबाईच्या दर्शनाला पाहुणे येतात, कुणाचं डोहाळजेवण होतं, चैत्रातलं हळदीकुंकू होतं, आणि पिशवीत एकेक खण वाढत जातो. त्यातले शिवायला फार थोडे जातात. त्याच कपाटात वरच्या फळीवर, चपलांच्या नाहीतर मिठाईच्या खोक्यात, बाळाची कुंची असते, चांदीचे वाळे असतात, आजोबांनी बदलीच्या गावाहून धाडलेली आंतरदेशीय पत्रं असतात. आज मी एवढंच सांगायला आले आहे, की या दोघांची गाठ घालून द्या. आठवणींच्या पेटीला बाजारातलं नवं कापड कशाला? घरच्याच कापडानं मढवा.

खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा आणि इरकल त्याच जिल्ह्यातल्या इळकलची. पण आपल्याकडे दोन्ही इतक्या रुळल्या आहेत, की त्यांना परगावच्या म्हणवत नाही. आजीची इरकल अंगात विरली असेल तरी तिचे काठ आणि पदर बहुतेक वेळा शाबूत असतात. आता तो पदर उजेडात धरा आणि अंगाशी जिथं जोडलाय ती जागा बघा. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा रेशमी ताणा एकमेकांत फासे अडकवून जोडलेला असतो. तिथं सुईची शिवण नसते. विणकरानं धाग्यात धागा गुंतवून ते सांधलेलं असतं. पेटीच्या झाकणावर नेमका हाच सांधा मधोमध येऊ द्या. त्यावर टिकल्या, मणी, लेस काही लावू नका, त्या कामाला दुसऱ्या शोभेची गरज नाही.

धडक्या साडीला मात्र कात्री लावायची नाही, हे माझं ठाम मत. जी नेसता येते ती नेसावी. विरलेली, फाटलेली तेवढीच घ्यावी, आणि घरातल्या मोठ्या माणसांना आधी विचारावं.

खोकं बुटांचं चालेल का, असं बायका विचारतात. ते फार पातळ असतं, ओलं कापड चिकटवलं की वाकतं. बुक बाइंडिंगवाल्याकडून जाड पुठ्ठा आणा. कापड पुठ्ठ्यापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त ठेवा. फेविकॉल पुठ्ठ्याला लावायचा, कापडाला नाही, आणि तोही चपट्या ब्रशनं अगदी पातळ. खणातून गोंद वर आला की डाग पडतो, तो मग निघत नाही. म्हणून एका कोपऱ्याच्या तुकड्यावर आधी करून बघा. मधून कडेकडे हात फिरवत नेलं की हवेचे फुगे राहत नाहीत.

सगळ्यात जास्त पेट्या बिघडतात त्या झाकणापाशी. खण जाड असतो. पेटीच्या भिंतीवर एक थर आणि झाकणाच्या आत दुसरा आला, की झाकण बसत नाही. मग कुणीतरी ते दाबून बसवतं आणि कोपरे फुटतात. त्यासाठी गोंद लावायच्या आधी कापड नुसतं गुंडाळून झाकण घालून बघायचं. झाकण जिथं सरकतं तेवढ्या पट्टीवर जाड खण न नेता पातळ सुती कापड लावायचं.

आता रिबीन. बांधायची रिबीन पुठ्ठ्याला चीर पाडून आत घ्यायची, तिचं टोक आतून चिकटवायचं आणि मगच अस्तर लावायचं. हा क्रम उलटा झाला, तर टोक उघडं पडतं आणि पहिल्या ओढीला निघून येतं. झाकण मागं कलंडू नये म्हणून बाजूला जी रिबीन देतात तीही अशीच अस्तराखाली जाते. सॅटिनची रिबीन बहुधा पॉलिएस्टरची असते, तिचं टोक मेणबत्तीपासून थोडं लांब धरलं तरी आटून बसतं, सुटत नाही. सुती किंवा रेशमी फीत असेल तर ज्योतीजवळ नेऊ नका, टोक दुमडून बारीक टीप घाला.

अस्तराला इचलकरंजीचं कोरं सुती कापड घ्या. तिथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. आज पुऱ्या गावाचा संसार मागावर चालतो, त्यामुळं हे कापड आपल्याला हाताशी आहे आणि स्वस्तही आहे. ते धुऊनच लावा. कोऱ्या कापडात खळ असते, आणि खळीला कसर लागते. ती कसर पुढं पत्रांत आणि फोटोंत शिरते. पेटीत डांबरगोळ्या नकोत, काठाची जर त्यानं काळी पडू शकते. वेखंडाचा तुकडा मलमलच्या पुरचुंडीत बांधून एका कोपऱ्यात ठेवा. जरीचा काठ फोटोवर घासू नये म्हणून फोटो साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळा. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा, तो कागद पिवळा पडतो आणि शेजारच्यालाही डागाळतो.

आपल्याकडे पावसाळा म्हणजे दमट हवा आणि वर पंचगंगेची धास्ती. २०१९ आणि २०२१ साली नदीकाठच्या कितीतरी घरांतले लग्नाचे अल्बम पाण्यात गेले. कपडे पुन्हा घेता येतात, ते फोटो पुन्हा कुठून आणायचे? पेटी कधी खालच्या कप्प्यात ठेवू नका, माळ्यावर ठेवा. श्रावणाची ओल सरली की एखाद्या दुपारी पेटी उघडून सावलीत वारा द्या. थेट उन्हात नको, रंग उडतो.

मुलीच्या रुखवतात अशी पेटी मांडायची असेल तर लग्नाच्या बऱ्याच आधी करायला घ्या. चिकटवल्यावर जड पुस्तकांच्या दाबाखाली ती पुरती सुकू द्यावी लागते. आतून दमट राहिलेल्या पेटीत काही ठेवलं तर बुरशी धरते.

आणि झाकणाच्या आत, अस्तरावर, एक छोटी चिठ्ठी चिकटवा: कापड कुणाच्या साडीचं, ती साडी कधी घेतली, खण कुणी दिला. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. दमट हवेत शाई फुटते, पेन्सिल टिकते.

नमस्कार.