आधी माईक खाली आणा

नमस्कार मंडळी. सांगलीत एवढ्या उकाड्यात संध्याकाळी लोक व्याख्यानाला येतात ह्याचं मला खरंच कौतुक वाटतं. पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'अपंगत्वावर मात'. आयोजकांनी प्रेमानंच दिलाय तो, पण मी कशावर मात केलीये सांगा बरं? दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, आज एकोणसाठ पूर्ण आहेत, पाय होता तसाच आहे. रोज सकाळी उठायचं, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचे पट्टे आवळायचे, कुबड्या घ्यायच्या नि चालू लागायचं. त्याला मात नाही म्हणत, संसार म्हणतात. (हसताय ना, हसा, मला आवडतं.)

तर एक प्रसंग सांगतो. आपल्याच जिल्ह्यातली एक शाळा, नाव नको. स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून बोलावलेलं. स्टेजला सात पायऱ्या, कठडा नाही, काही नाही. मी म्हटलं खालूनच बोलतो, तर म्हणाले छे छे, पाहुणे खाली कसे बसणार. चार मास्तरांनी मला खुर्चीसकट उचललं. तिसऱ्या पायरीवर खुर्ची कलली, मी एका मास्तरांची कॉलर घट्ट धरली, आणि वर टेकल्या टेकल्या अख्ख्या मैदानात टाळ्या! मी अजून तोंड उघडलं नव्हतं हो. निवेदक माईकवर म्हणतायत, "बघा मुलांनो, याला म्हणतात जिद्द." जिद्द त्या मास्तरांच्या खांद्यांची होती, मी जीव मुठीत धरून बसलेलो.

भाषण झालं, शाल-श्रीफळ झालं, परत तशीच उचलाउचली. खाली आल्यावर सातवीतला एक पोरगा जवळ आला, म्हणाला, "काका, उचललं तवा भ्या वाटलं का?" मी म्हटलं व्हय, लई वाटलं. मग म्हणाला, "माझ्या ताईला पण वाटतं, तिचा वर्ग वरच्या मजल्यावर हाय, म्हणून ती येत न्हाई आता." इतकी वर्षं भाषणं करतोय, असा प्रश्न मला मोठ्या माणसानं कधी विचारला नाही. मुख्याध्यापकांना तिथंच विचारलं, वर्ग खाली घेता येईल का. ते म्हणाले, बघू. ते 'बघू' मला अजून झोपू देत नाही.

तेव्हापासून माझी एकच अट असते, मानधन द्या नका देऊ, आधी माईक खाली आणा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. मूळ मुद्दा राहिलाच की, पटापट घेतो.

आपण मुलांना पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगतो, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, 1972 ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमधलं, सुवर्ण. पण सैन्यात ते बॉक्सर होते आणि पोहणं जखमी झाल्यावर उपचार म्हणून सुरू झालं, हे कोण सांगतो? जिद्द त्यांची होतीच, पण उपचार मिळाले, पाण्यापर्यंत पोचता आलं. आटपाडीकडच्या करगणीच्या सचिन खिलारींनी 2024 ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य आणलं, त्यांचा फोटो वर्गात जरूर लावा, पण तो वर्ग तळमजल्यावर असू दे.

अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे हो. 2016 चा. 21 प्रकारची अपंगत्वं त्यात धरलीयत, आणि सार्वजनिक इमारती अडथळामुक्त करायला नियम आल्यापासून 5 वर्षं दिली होती. नियम 2017 ला आले, हिशेब तुम्हीच करा. रॅम्पचं गणितही सोपंय, 1 फूट उंचीला 12 फूट लांबी. त्या शाळेच्या सात पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट धरा, 42 फूट रॅम्प झाला, मध्ये टेकायला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. मैदान केवढं मोठं होतं तिथलं!

दुसरी चिठ्ठी आली, थांबतो. प्रश्न असतील तर मी इथंच बसलोय. फक्त मागच्या दाराशी ती फळी टाकलीये, ती आवराआवर करताना उचलू नका, मला त्यावरूनच बाहेर जायचंय.